कवितांसाठी दीडशे जीबी

आमच्या घरात सगळं मतदानाने ठरतं. न्हाणीघरातल्या बादलीचा रंगसुद्धा. त्यामुळे संगणकाच्या नव्या डिस्कचे भाग पाडण्यापूर्वी मला जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून रीतसर निवेदन करावं लागलं.

"एकूण पाचशे जीबी. शंभर संगणकाच्या स्वतःच्या कारभाराला, अडीचशे सगळ्यांना सामाईक, दीडशे माझ्या कवितांना."

निवृत्त कारकून असलेल्या बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "दीडशे? मुक्तछंदाला जागा जास्त लागते का रे?"

आई हसली. ताई तर टेबलावर डोकं टेकून हसली.

मी गप्प झालो. माझ्या गप्प होण्याला एक खोली असते; ती फक्त मलाच दिसते, हे निराळं. पुढचा प्रश्न होता, सामाईक भागात फायली साठवण्याची पद्धत कोणती? मी तीन नावं वाचून दाखवली.

"फॅट थर्टी-टू," बाबा म्हणाले. "ऑफिसात हे नाव ऐकलंय."

औषधांच्या दुकानात पंचवीस वर्षं काढलेली आई म्हणाली, "जुनंच बरं. त्याचे त्रास आधीच माहीत असतात."

त्रास मला माहीत होता: चार जीबीहून मोठी फाईल ही पद्धत घेतच नाही. मी बोललो नाही. उलट हात वर केला. माझ्या भागासाठी मात्र कुणाला न विचारता नवी पद्धत निवडली आणि वर पासवर्ड लावला.

तीन आठवड्यांनी, दुपारी साडेतीनला, ताई किंचाळली.

दोन वर्षं एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाईच्या मागे फिरून तिने चाळीस मिनिटांचा चित्रपट केला होता. अकरा जीबीची एकच फाईल, कॅमेरावाल्या मित्राच्या डिस्कवर. चार वाजता तो डिस्क न्यायला येणार होता आणि संध्याकाळच्या शूटिंगसाठी ती पुसणार होता. दुसरी प्रत नव्हती.

"सामाईक भागात दोनशे जीबी रिकामे आहेत, आणि हा संगणक म्हणतो फाईल मोठी आहे!"

"अर्धी अर्धी करून घाल," आई म्हणाली. "मोठ्या गोळ्यांचं आम्ही तसंच करतो."

"आई, सबंध चित्रपटात एकही कट नाही! त्यासाठी दोन वर्षं गेली माझी!"

ती माझ्याकडे वळली. "तुझ्या भागात मावेल?"

मावणारच होती. पण ती तिथे मावली की मी काय केलंय ते उघड होणार होतं. घड्याळात तीन चाळीस झाले होते. माझी बोटं कीबोर्डवर एखाद्या शोकगीतासारखी रेंगाळत होती.

"अरे, कवितेचा मुहूर्त बघतोयस का?" बाबा ओरडले.

मी पासवर्ड टाकला. फाईल विनातक्रार आत सरकू लागली.

"हा भाग घेतो, मग तो का नाही?" बाबांनी विचारलं.

"याची पद्धत वेगळी आहे."

"तुला तेव्हा माहीत होतं?" ताईने विचारलं.

"हो. तुम्ही हसलात म्हणून..."

"आम्ही हसलो म्हणून माझा चित्रपट बुडवणार होतास?"

याला उत्तर होतं, सात ओळींचं, पण ते मला तिथे म्हणवेना.

चारला पाच कमी असताना फाईल पूर्ण उतरली. ताईने ती उघडून शेवटपर्यंत सरकवत तपासली, दारात आलेल्या मित्राच्या हाती डिस्क दिली आणि परत येऊन माझ्या खुर्चीत बसली. माझं फोल्डर शोधलं. अकरा वर्षांच्या कविता: तीन एमबी.

"एवढ्याच?" असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने ते फोल्डर उचलून सामाईक भागात टाकलं, बाबांच्या वीजबिलांशेजारी, माझ्या भागाचा पासवर्ड बदलला आणि तो मला न सांगता उठून गेली.