बाटलीतली लार्चची फांदी

शाळेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पुरुषभर उंचीचं लार्चचं, सुईसारख्या पानांचं झाड. हिवाळ्यात पार खराटा झालेलं, आणि आज काडीकाडीवर पोपटी सुयांचे झुबके! एकवीस दिवस गावात आलेल्या एका मांत्रिक बाबांनी त्यावर मंतरलेलं पाणी शिंपडलं होतं.

"मेलेल्याला उठवलंय!" बाबा गरजले. "वरच्या दरबारातून याची बंद झालेली फाइल उघडून आणलीय! आता ज्याच्या हातून हे मेलं, त्या पाप्याची सावलीही इथं नको. संध्याकाळच्या आत त्याला घालवा."

मुख्याध्यापिकाबाईंनी हात जोडून मान डोलावली. पापी म्हणजे शाळेचा माळी.

गर्दीच्या मागे विज्ञानाचे मास्तर उभे होते. त्यांना मान वर करवत नव्हती, कारण माळ्याने झाड मारल्याचा शोध बाबांचा नव्हताच, तो मास्तरांचा होता. गेल्या वर्षी थंड डोंगरातल्या रोपवाटिकेतून हे झाड आणलं. पहिल्याच हिवाळ्यात सुया पिवळ्या पडून गळाल्या, तेव्हा मास्तरांनी स्टाफरूमच्या खिडकीतूनच निकाल दिला. "सूचिपर्णी झाडं बारमाही हिरवी असतात. सुया गळाल्या म्हणजे मेलं. पाणी जास्त झालं असणार." हे 'बारमाही हिरवी' ते वीस वर्षं मुलांना वहीत उतरवून देत होते.

"सर, खाली येऊन बघा तरी," माळी म्हणाला होता. "साल खरवडली तर आत ओलं हिरवं आहे."

"आता तू मला शिकवणार?"

ते आठवून मास्तरांना स्वतःचीच किळस आली. ते अवजारांच्या खोलीमागच्या माळ्याच्या खोलीकडे गेले. माळी गाठोडं बांधत होता. खिडकीत काचेची बाटली, तिच्यात एक फांदी, आणि फांदीवर तसेच पोपटी झुबके.

"ही कुठली?"

"त्याच झाडाची. बाबा यायच्या आधी वाऱ्याने मोडली. टाकवेना."

"आणि पाणी? बाबांचं?"

"नळाचं, सर."

मास्तरांनी फांदी हातात घेतली. पाईनच्या सुया ताठ, दोन-तीन-पाचच्या जुडीत. इथं एकेका बुटक्या गाठीतून वीस-तीस मऊ सुया फुटलेल्या. गाठ हिवाळाभर बोडकी दिसते, पण तिच्या टोकाला कळी जिवंत असते. हे सगळं हाताच्या अंतरावर होतं, नुसतं वाकायचं होतं. त्यांचे कान लाल झाले.

"चल माझ्याबरोबर," ते म्हणाले.

गर्दीत शिरून त्यांनी बाटली उंच धरली. "या फांदीला बाबांच्या पाण्याचा थेंबही लागलेला नाही. तरी फुटली. लार्च शंकू धरणारं, पाईनच्याच कुळातलं झाड आहे, पण दर हिवाळ्यात सुया गाळतं. हे मेलंच नव्हतं! बाबा, पुढच्या हिवाळ्यात सुया गळतील?"

बाबांनी बोट रोखलं. "तुमची पापं वाढली तर गळतील!"

"म्हणजे गळणार हे यांना आधीच ठाऊक!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. बाबांनी झोळी उचलली.

मास्तरांना मात्र हसू येईना. "बाबांना काय हसता? खोटं आधी मी बोललो," ते म्हणाले. "न बघता बोललो, आणि एका निर्दोष माणसाचं घर उठवायला निघालो. मुलांनो, वहीतल्या 'सूचिपर्णी झाडं बारमाही हिरवी' या ओळीच्या आधी 'बहुतेक' घाला. आणि कुणीही काहीही सांगो, बाबा असो की मी, आधी स्वतः बघा, मग विचारा की तुम्हाला हे कशावरून कळलं."

बाई खाली मान घालून म्हणाल्या, "माळीदादा, गाठोडं सोडा."

माळी हलला नाही. "मग मी विचारू, सर?"

"विचार."

"त्या दिवशी मी एवढं बोलावत होतो. दहा पायऱ्या उतरून आला का नाहीत?"

मास्तरांनी बाटली माळ्याच्या हातात दिली आणि सगळ्यांदेखत उत्तर दिलं.

"कारण बोलावणारा तू होतास."