तो गाडीत फोन उचलतो

क्षितिजाने त्याला पहिला फोन केला तेव्हा तिची इच्छा एवढीच होती, की तो गाडी चालवत असावा आणि त्याने फोन उचलावा.

त्याने उचलला. मागे हॉर्न वाजत होते, कुठला तरी रिक्षावाला शिव्या देत होता.

"बोला मॅडम, जितेश बोलतोय. वन बीएचके पाहिजे की टू?"

"वन," ती म्हणाली. "मी रिद्धी बोलतेय."

वालीवला डब्यांची झाकणं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती माल तपासायच्या कामाला होती. फोन करायला ती कंपनीच्या मागच्या जिन्यात गेली होती. त्यासाठी तिने नवं सिमकार्ड आणि हे खोटं नाव घेतलं होतं. जितेशचा नंबर शोधायची गरजच नव्हती. तो जागांचा एजंट होता आणि फुलपाड्यात जिकडे बघावं तिकडे विजेच्या खांबांवर त्याचा नंबर चिकटवलेला होता.

याच जितेशने तिच्या वडिलांना मारलं होतं.

तिचे वडील पांडुरंग, गास गावातले. वाडीतल्या जास्वंदीच्या कळ्या करंडीत भरून ते रोज सकाळी सायकलवरून नालासोपाऱ्याच्या बाजारात न्यायचे. त्या दिवशी चांगलं उजाडलेलं होतं, रस्ता सरळ होता आणि ते कडेने चालले होते. जितेशच्या गाडीने त्यांना मागून उडवलं. पोलिसांसमोर तो म्हणाला, "आजोबा अचानक मध्ये आले. मी काय करणार?"

आवाज ऐकून पहिला धावत आला तो शेजारच्या वाडीतला बॅप्टिस्ट. गाडीचं दार उघडं होतं, खाली फोन पडला होता आणि त्यातून एक बाई "हॅलो, हॅलो" करत होती. बॅप्टिस्टने हे जबाबात सांगितलं. पण फोन कंपनीकडून आलेल्या नोंदीत त्या वेळचा कॉलच नव्हता. जितेशचा वकील म्हणाला, गाडीत रेडिओ चालू असेल, म्हाताऱ्या माणसाला नीट कळलं नसेल. जितेशला जामीन मिळाला. थोड्या दिवसांनी गाडीही सुटली. त्याने काच बदलून घेतली आणि तीच गाडी पुन्हा चालवायला लागला.

वर्षभर क्षितिजा तारखांना जात राहिली. मग एकदा सोपाऱ्याच्या नाक्यावर तिची स्कूटर त्याच्या गाडीच्या बाजूला येऊन थांबली. फोन खांद्यात आणि कानात दाबून तो कोणाशी तरी हसत बोलत होता. सिग्नल सुटला, तो तसाच हसत पुढे गेला. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या तरी क्षितिजा जागची हलली नाही. त्याच संध्याकाळी तिने ते सिमकार्ड घेतलं.

हळूहळू तिला त्याचा दिवस पाठ झाला. सकाळी तो मुलीला शाळेत सोडायचा. तेव्हा ती फोन करत नसे. मुलगी उतरली की करायची. दुपारी तो लोकांना फ्लॅट दाखवत हिंडायचा. कोणी गिऱ्हाईक गाडीत असलं तर त्याच्या बोलण्यावरून तिला कळायचं, मग ती लगेच ठेवून द्यायची. त्याच्या गाडीत दुसरं कोणी नसावं, एवढी काळजी ती घेत होती. गाडीबाहेरच्यांचा विचार तिने केला नव्हता.

नुसतं बोलण्याने भागत नाही, हेही तिच्या लक्षात आलं. त्याची नजर खाली वळायला हवी.

"लोकेशन टाका ना."

"बाल्कनीचा फोटो आहे का? आत्ता पाठवा, मिस्टर बाजूलाच आहेत."

"एक मिनिट हां मॅडम," तो म्हणायचा. त्या मिनिटात ती कान देऊन ऐकत राहायची. काच फुटल्याचा आवाज येईल, मग तो ओरडेल, मग काहीच ऐकू येणार नाही. तसं काही न होता फोटो यायचा. पण फोन ठेवल्यावर तिला बरं वाटायचं. वडील गेल्यापासून जेवण तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. आता ती डबा संपवायला लागली होती.

एका दुपारी तिने विचारलं, "कुठे पोचलात?"

"हे काय, फुलपाड्यात, भाजीवाल्यांच्या गल्लीपाशी. बोला."

"किचनचा फोटो टाकता का?"

"एक मिनिट हां."

आणि धप्पकन आवाज झाला. ब्रेक करकचले, कोणीतरी ओरडलं. क्षितिजाने जिन्याचा कठडा घट्ट धरला. झालं, असं तिच्या मनात आलं, आणि त्याबरोबर आनंद झाला. पुढे कितीतरी दिवस तिला तो आनंद आठवत राहिला.

मग त्याचा आवाज आला. "हां मॅडम, सॉरी. काही नाही, कुत्रा मध्ये आला. फोटो मिळाला का?"

त्याच्या आवाजामागे एक बाई रडत होती. गाडी पुढे निघाली तसं ते रडणं लांब गेलं.

क्षितिजाने फोन कापला, डोकं दुखतंय सांगून ती कंपनीतून बाहेर पडली आणि स्कूटर थेट फुलपाड्याला नेली. गल्लीच्या तोंडाशी चारपाच माणसं जमली होती. एका दुकानाच्या पायरीवर तिच्या आईच्या वयाची बाई बसली होती. भेंड्या रस्त्यावर विखुरल्या होत्या. बाईचं मनगट सुजून वाकडं झालं होतं.

"आरसा लागला गाडीचा," दुकानदार म्हणाला. "थांबला पण नाही. नंबर कोणी बघितलाच नाही."

क्षितिजाने रिक्षा बोलावली आणि बाईला दवाखान्यात नेलं. प्लास्टर होईपर्यंत ती तिच्याजवळ बसून राहिली. बाई दुसरा हात तिच्या हातावर ठेवून म्हणाली, "देवासारखी आलीस गं पोरी."

क्षितिजाला त्या गाडीचा नंबर तोंडपाठ होता. पण तो सांगायचा तर आपल्याला कसा माहीत, हेही सांगावं लागलं असतं. ती गप्प राहिली. बाहेर पडल्यावर तिने सिमकार्ड काढून मोडलं आणि गटारात टाकलं. पुन्हा असा फोन करायचा नाही, हे तिने ठरवलं. जितेशला मात्र ती सोडणार नव्हती. आता तर मुळीच नाही.

त्या रात्री तिच्या डोक्यातून तो 'कुत्रा' जाईना. हाडामासाच्या बाईला उडवून तो किती सहज बोलला होता. आणि मग तिला सुचलं की बाबांच्या वेळीही फोनच्या पलीकडे कोणीतरी होतं. त्या बाईनेही आवाज ऐकला असेल. तिला त्याने काय सांगितलं?

दुसऱ्या दिवशी ती बॅप्टिस्टच्या वाडीत गेली. तो केळीची पानं कापत होता.

"काका, ती फोनवरची बाई नुसतं हॅलो हॅलोच करत होती का? आणखी काही बोलली?"

"बोलली ना. चावी वॉचमनकडे ठेवली का, म्हणून विचारत होती. मला कोणी पुढचं विचारलंच नाही." "आपल्या बाजूचीच होती ती. बोलण्याची धाटणीच सांगते. आमच्यातली असणार."

म्हणजे वसईकडची ख्रिस्ती बाई. त्या सुमाराला तिने जितेशकडून फ्लॅट घेतला असणार. "तिला शोधता येईल का?" क्षितिजाने विचारलं.

"बघतो," तो म्हणाला.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर तो घरी न जाता ओळखीच्यांशी बोलत थांबायला लागला. कोणाची लेक, कोणाची सून गाव सोडून फ्लॅटमध्ये राहायला गेली, याची चौकशी करत राहिला. पावसाळा तोंडावर आला तेव्हा त्याला नाव मिळालं. टिफनी. दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि नवरा जॅक्सनबरोबर नालासोपारा पश्चिमेला भाड्याने राहत होती.

क्षितिजा आणि बॅप्टिस्ट तिच्या घरी गेले. जितेशचं नाव निघाल्यावर टिफनी मोकळेपणाने बोलायला लागली.

"हो, त्यांनीच दिला हा फ्लॅट. त्या दिवशी मी सामान घेऊन खाली उभी होते आणि चावी मिळत नव्हती, म्हणून व्हॉट्सअॅपवर कॉल केला. बोलता बोलता मोठा आवाज झाला. मी हॅलो हॅलो करत राहिले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, म्हणाले, कुत्रा मध्ये आला म्हणून फोन पडला."

"आणखी काय म्हणाला?"

"मी विचारलं, मेला का बिचारा? तर म्हणाले, म्हातारंच होतं, सोडा." टिफनी हे सहज बोलून गेली आणि क्षितिजाचा चेहरा पाहून थांबली. "का? काय झालं?"

"ते माझे वडील होते," क्षितिजा म्हणाली.

टिफनी उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. जॅक्सन हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, झालं ते वाईटच झालं. पण आम्हाला कोर्टाच्या फेऱ्या नकोत. तो माणूस याच भागात फिरतो."

क्षितिजा त्याला उत्तर देणार तेवढ्यात टिफनी बाहेर आली. तोंड धुतलेलं, डोळे लाल. हातात फोन होता. फोन कंपनीच्या नोंदीत नसलेला त्या सकाळचा व्हॉट्सअॅप कॉल अजून त्यात होता, वेळेसकट.

"मी येते," ती म्हणाली. "मी फोन केला नसता तर..."

"त्याने उचलला नसता तर," क्षितिजाने तिला मध्येच तोडलं. हे तिने टिफनीसाठी म्हटलं की स्वतःसाठी, तिचं तिलाही कळलं नाही.

सरकारी वकिलांनी अर्ज करून टिफनीला साक्षीला बोलावलं. ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा जितेशला आधी ती आठवलीच नाही. आठवली तसा त्याने मान खाली घातली. टिफनीने सगळं सांगितलं. 'म्हातारंच होतं, सोडा' हे शब्द तिने उच्चारले तेव्हा क्षितिजा त्याच्याकडेच बघत होती. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत तिने नजर हलवली नाही.

त्यानंतर त्याचा भाऊ गासला घरी येऊन गेला. चुकलं त्याचं, मिटवून टाकू, म्हणाला. क्षितिजाने त्याला अंगणातूनच परत पाठवलं.

जितेशला सहा महिन्यांची कैद झाली आणि लायसन्स गेलं. वरच्या कोर्टात जायला त्याला मुदत मिळाली, त्यामुळे त्या दिवशी तो घरी जाऊ शकत होता. कोर्टाच्या आवारात झाडाखाली तो एकटाच उभा होता. क्षितिजा जवळ गेली तसे त्याने हात जोडले.

"ताई, माझी मुलगी लहान आहे. गाडी नाही तर धंदा नाही. लोक आत्ताच फोन करायचे बंद झालेत."

"रिद्धी मॅडम पण करत नाहीत ना?"

त्याने जोडलेले हात खाली घेतले.

"वन बीएचके पाहिजे होता त्यांना," क्षितिजा म्हणाली. "बाल्कनीचा फोटो मागायच्या. किचनचा मागायच्या. तुम्ही गाडीत असतानाच मागायच्या."

ते त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. मग त्याने विचारलं, "तुम्ही? कशाला?"

"तुम्ही मरावं म्हणून."

तो मागे सरकला आणि झाडाला टेकला.

"फुलपाड्यात तुम्हाला कुत्रा लागला होता ना? ती बाई होती. मी जाऊन बघितली. तिचा हात मोडला, आणि त्यात माझाही वाटा आहे. तो माझा मी निस्तरेन. पण एकदाही तुम्ही म्हणाला नाहीत, मॅडम, गाडी चालवतोय, नंतर बोलतो. एकदा म्हणाला असतात तरी मी फोन करायची थांबले असते. रोज वाट बघत होते मी."

जितेश रडायला लागला. येणारेजाणारे वळून बघत होते. त्याने रुमाल काढला, पण तोंड झाकायचं त्याला सुचलं नाही. क्षितिजा तिथेच उभी राहून बघत होती. तिला दया आली नाही. आली असती तर तिने ती आवरली असती.

घरी पोचली तेव्हा तिची आई रखमाबाई ओटीवर जास्वंदीच्या कळ्या निवडत बसली होती. नवरा गेल्यापासून वाडी तीच बघत होती. कोर्टात ती एकदाही आली नव्हती. त्याचं तोंड बघायचं नाही म्हणाली होती.

"सहा महिने," क्षितिजा म्हणाली. "पण अजून वरच्या कोर्टात जाईल तो."

रखमाबाई कळ्या निवडत राहिली. मग मान वर न करता तिने विचारलं, "रडला का?"

"रडला."

"कोनासमोर?"

"सगळ्यांसमोर. आवारात."

रखमाबाईने करंडी बाजूला सारली आणि पदराला हात पुसले. आई आता बाबांबद्दल काही बोलेल, असं क्षितिजाला वाटलं.

"हितं बस," रखमाबाई म्हणाली. "कसा रडला ते नीट सांग. पयल्यापासनं."

क्षितिजा तिच्याजवळ बसली. तिने झाड सांगितलं, जोडलेले हात सांगितले, हातातला रुमाल सांगितला. आई मधूनमधून थांबवून पुन्हा विचारत होती आणि ती पुन्हा सांगत होती. रिद्धीचं नाव मात्र तिने एकदाही घेतलं नाही. आणि तो नक्की कशामुळे रडला, हे आईनेही विचारलं नाही.