झोळीतल्या कमळीचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. दुकानातला नव्हे. लेकरं तोलायचा काटा. वर कडी, मध्ये गोल तबकडी, खाली आकडा, आकड्याला कापडी झोळी. एवढाच माझा देह.

जन्माची गोष्ट उरकून टाकतो, मित्रांनो. कारखान्यात झालो. भुशाच्या पेटीत निजून सोलापूरला आलो. बास. मला कमळीबद्दल सांगायचं आहे आणि ते सांगायला लागलो की माझी स्प्रिंग अजून ताणली जाते.

तर कमळी.

नाही, आधी दुष्काळ. बहात्तर साल. अक्कलकोटच्या वाटेवर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं होतं. बाया माती वाहत आणि त्यांची लेकरं बाभळीखाली असत. त्याच बाभळीला मथुराबाई नर्स मला दोरीनं टांगत. सुकडी, म्हणजे भाजल्या पिठाचा सरकारी खाऊ, सगळ्याच लेकरांना मिळे. पण वयाच्या मानानं ज्याचं वजन कमी भरे, त्याला वर दूधही मिळे. दूध थोडं होतं आणि लेकरं फार. कुणाला द्यायचं, ते माझा काटा ठरवी.

"नवीन शास्त्र काय सांगतं?" मथुराबाई बायांना समजावत. "लेकरू नुसतं डोळ्यांनी बघून कळत नाही. पोट मोठं दिसतं, आपण म्हणतो बाळसं आलं. खरं काय ते काटा सांगतो."

मी फुगायचो. खोटं कशाला बोलू?

पण त्या बायांत लेकरू तोलायची रीत नव्हती. तोललेलं लेकरू वाळतं, असं म्हणत. कमळीची आजी सुंदरम्मा तर समोर येऊन उभीच राहिली.

"जोंधळा तोलत्यात बाई. लेकरू तोलत्यात व्हय?"

"अम्मा, मला काय विकायचीय का तिला?"

"घेनार बी कोन? रडती बघा किती!"

बाया हसल्या. सुंदरम्माही हसली आणि तयार झाली. अट एकच. नातीला गुंडाळून झोळीत आपणच ठेवणार.

ठेवलं तिनं. आणि मला गार लागलं.

फडक्याच्या घडीत एक लोखंडी खिळा होता. लोखंड जवळ असलं की नजर लागत नाही, हे तिथल्या कुठल्याही आजीला ठाऊक. खिळ्याचं वजन ते किती! मी सोडून दिलं.

मग कमळीला जुलाब लागले. मान बारीक झाली, रडणंही बारीक झालं. सुंदरम्माची भीती वाढली. भीती वाढली म्हणून लोखंड वाढलं. खिळ्याच्या जागी बैलाच्या खुरांना ठोकायच्या पत्र्यांची पुरचुंडी आली. नंतर कामावर तुटून पडलेलं पहारीचं टोक.

कळतंय ना, मित्रांनो, काय होत होतं? लेकरू उतरत होतं. लोखंड चढत होतं. काटा जागच्या जागी.

"बघा अम्मा, वाळली का तोलून? वजन टिकून आहे," मथुराबाई कौतुकानं म्हणत. आणि दूध पुढच्या लेकराला जाई.

मी थरथरलो. फांदीखाली गरागरा फिरलो. "वारा सुटला," म्हणून मथुराबाईंनी मला हातानं धरून थांबवलं. मला जीभ एकच, तीही आकड्यावरच थांबणारी. किती भरलं ते सांगते. काय भरलं ते सांगत नाही. ह्याचा संताप कुणाला सांगू?

एके दिवशी कमळीची आई निंगव्वा डोक्यावरची पाटी टाकून आली.

"बाई, तुमचा काटा खोटा हाय."

"निंगव्वा, काटा खोटं बोलत नसतो गं."

"मग माजे हात खोटं बोलत्यात? रोज उचलतीय मी हिला. काल परास आज हलकी लागती. लई हलकी."

मथुराबाईंनी पिशवीतून किलोचं माप काढून झोळीत ठेवलं. मी बरोबर एक किलो दाखवला. बाया निंगव्वाला हसल्या. आणि मी, खरं बोलणारा, तिला सगळ्यांपुढं खोटं पाडून लटकत राहिलो.

ती हटली नाही. सासूच्या कडेवरून तिनं लेकरू ओढून घेतलं आणि फडकं सोडलं. पहारीचं टोक दगडावर खणकन पडलं. उघडी कमळी तिनं झोळीत ठेवली.

काटा खाली आला. आणखी खाली. मथुराबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"अत्ती, ह्ये काय केलासा?" निंगव्वा सासूला म्हणाली.

"जीव ऱ्हावा म्हनून केलं की गं!" सुंदरम्मा ओरडली. "लोकंड काडलंस, आता हिला कोन राकनार?"

मथुराबाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ते टोक उचललं, माझ्या कडीच्याही वर, फांदीला घट्ट बांधलं. "राहू दे अम्मा. वरून राखील. आता वजन तेवढं कमळीचं." आणि त्याच हातांनी दुधाचा पेला भरला.

त्या हंगामात कमळीचा काटा फार हळू चढला. कधी चढला, कधी पुन्हा उतरला. पण ती बसू लागली, आणि मग झोळीत बसेचना.

आता मी दवाखान्याच्या फडताळात आहे. बाहेर उभं राहायचं नवं यंत्र आलंय. माणसं बुटांसकट, पिशवीसकट त्यावर चढतात आणि आकडा बघून खूश होतात. मला आतून ओरडावंसं वाटतं.

मित्रांनो, आमची निगा राखा, तेल द्या, गंजू देऊ नका. पण आकड्यावर सगळं सोपवू नका. मथुराबाई पुढं प्रत्येक लेकरू आधी आईच्या हातात देत आणि विचारत, "कशी लागते?" उत्तर ऐकून झालं की मगच माझी झोळी उघडत.