सरबतातल्या आणि डब्यावरच्या

"झाकण! सर, झाकण!" बाई ओरडल्या. पण तोवर निळ्या माश्यांनी पेटीबाहेर धूम ठोकली होती.

संग्रहालयात त्या दिवशी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. एका पेटीत बाईंची चिलटं, आंबलेल्या केळ्यांवर पोसलेली. शेजारच्या पेटीत सरांच्या निळ्या माश्या, सडक्या कलेजीवर वाढलेल्या. समोरासमोरच्या खोल्यांत दोघांनी उभी हयात याच माश्यांपायी घालवली होती. बाईंच्या खोलीत लोक गप्पा मारायला येत. सरांच्या खोलीकडे चिटपाखरू फिरकत नसे. वासानं डोकं उठे.

निळ्या माश्यांमागे धावताना बाईंचा कोपर त्यांच्याच पेटीला लागला. काच फुटली. चिलटंही पसार!

दोघं जाळ्या घेऊन टेबलाखाली रांगत असतानाच उद्घाटनाचे पाहुणे आत आले, मागोमाग जेवणाचा डबा हातात घेतलेले घामाघूम संचालक. पाहुण्यांनी सरबताचा पेला तोंडाला लावला आणि थबकले.

"या दोन माश्यांत फरक काय हो?"

सर गुडघे झाडत उठले. "तुमच्या सरबतात पडल्यात त्या बाईंच्या. आंबटगोडाला भुलतात. साहेबांच्या डब्यावर बसल्यात त्या माझ्या. डब्यात मटण दिसतंय."

"छे, भाजी आहे!" संचालक म्हणाले.

"माझी माशी भाजीकडे ढुंकून बघत नाही, साहेब."

संचालकांचा चेहरा उतरला. "घरी सांगू नका," ते पुटपुटले. "डॉक्टरांनी बंद केलंय."

पाहुणे पोट धरून हसले. संचालक हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी हुकूम आला: एक खोली रिकामी करा, कुणाची ते तुम्हीच ठरवा.

"माझीच करा," सर बाईंना म्हणाले. "माश्या देतो सोडून. मागच्या गल्लीत खाटकांची दुकानं आहेत. मजेत राहतील."

ते हसले खरे, पण त्यांचा हात पेटीवरून फिरत होता, तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरावा तसा.

संध्याकाळी पदर खोचून बाईंनी चिलटांच्या बाटल्या एका बाजूला लावल्या आणि अर्धं टेबल मोकळं केलं. मग सरांना निरोप धाडला.

सकाळी सर पेटी घेऊन दारातच घुटमळले.

"बाई, वास येईल हो."

"येऊ दे. माझी केळी काय अत्तर लावून येतात?"

सरांनी पेटी ठेवली आणि अवघडून उभे राहिले. बाईंनी खिडकीजवळची आपली खुर्ची त्यांना दिली, स्टूल ओढलं आणि स्वतः कलेजीच्या पेटीशेजारी बसल्या.