इजाऱ्याचं विद्यापीठ

मितेशभाईंनी विद्यापीठ काढलं तेव्हा तलासरीच्या बाजारात लोक म्हणाले, माणूस सुधारला. माणूस काही सुधारला नव्हता. चिकूचा भाव उतरला होता, एवढंच. भाईंच्या चिकूच्या वाड्या, त्यांचा माल दिल्लीला जायचा. वेवजीच्या वाटेवर त्यांची एक वखार रिकामी पडली होती. तिला काचा बसल्या, रंग लागला, पुढे कारंजं आलं आणि आत ‘कुलपती’ अशी पाटी लावून भाई स्वतः बसले. कारंजं पाहुणे आले की उडायचं. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की बंद.

चंद्रावती पागधरे तिथे कुलसचिव होती. डहाणूच्या खाडीकाठच्या मासेमारांच्या घरातली, वाणगावच्या कॉलेजात उमेदीची वर्षं शिकवून आलेली. तिला का घेतलं ते भाईंनी तोंडावरच सांगितलं होतं. “चंद्राबेन, तुमचं नाव मोठं आणि अपेक्षा लहान. असा माल मिळतो कुठे?” तेव्हा तिला हसू आलं होतं. पुढे हसू येईनासं झालं, आणि मग पगारही येईनासा झाला.

दोन हजार सतराच्या जूनमध्ये भाईंनी सगळ्या विभागप्रमुखांना बोलावलं. टेबलावर चिकूच्या फोडी होत्या.

“विभाग मी पोसायचे, तोटा मी खायचा आणि तुम्ही पंख्याखाली बसायचं,” भाई म्हणाले. “वाडी आपण कशी देतो? इजाऱ्याने. झाड मालकाचं, वर्षाची रक्कम ठरली की फळ इजारदाराचं. आजपासून विभागसुद्धा तसेच. ठरलेले पैसे मला द्या, वरची कमाई तुमची.”

“विभागाची कमाई म्हणजे काय?” चंद्रावतीने विचारलं.

“विद्यार्थी,” भाई म्हणाले आणि फोड तोंडात टाकली.

ती लिलाव बघतच वाढली होती. बंदरावर होडी लागली की पाट्या मांडायच्या, बोली चढायची. पण तिथली मासळी मेलेली असते आणि पाटी चारचौघांत उघडी असते. इथे प्राध्यापक मंडळी एकमेकांकडे चोरून बघत बोटं वर करत होती. संगणक विभागावर दोघं हमरीतुमरीवर आले. इंग्रजीला कोणीच पुसेना. तो विभाग शेवटी कँटीनबरोबर फुकटात गेला. फलोत्पादनाची पदविका उचलली नविन नावाच्या सरांनी. हे सर प्राध्यापक होण्याआधी खतं विकायचे, आणि अजूनही माणसाकडे बघताना याला किती गोण्या खपतील याचाच अंदाज घेतल्यासारखे बघायचे.

नविन सरांनी बोली लावताना एक मेख मारून ठेवली. “भाई, माझ्या मुलांना प्रात्यक्षिकाला वाडी लागेल. तुमच्या वाडीत तोडणी करतील. मजुरी तुम्हाला शून्य. फक्त क्रेटमागे मला इजाऱ्यात थोडी सूट द्या.”

भाईंनी त्यांच्याकडे बघितलं. हरवलेला भाऊ जत्रेत सापडावा तसं.

त्या वर्गात शुक्री होती, कैनाडच्या पाड्यावरची. तिला चंद्रावतीनेच आणलं होतं. अंगणात बसून तिच्या आईला, तानीला, समजावलं होतं, “दोन वर्षं दे. पदविका झाली की कृषी खात्याच्या भरतीत अर्ज करेल.” तानी भाईंच्याच वाडीत रोजाने चिकू उतरवायची. ती म्हणाली होती, “बाय, तू सांगतेस तर जाऊ दे.” एवढ्या एका वाक्याचं ओझं चंद्रावती दोन वर्षं वागवत होती.

मुलं प्रात्यक्षिकाला वाडीत उतरली तशी मुकादमाने रोजाच्या बायकांना रजा दिली. जाळी लावलेली काठी आईच्या हातून लेकीच्या हातात आली. फरक एवढाच, की आईला त्याचा रोज मिळायचा आणि लेक त्याची फी भरत होती. चंद्रावतीने हे भाईंच्या कानावर घातलं. भाई म्हणाले, “याला म्हणतात कौशल्य शिक्षण.”

पुढच्या मे महिन्यात इजारा संपत आला. त्याच सुमारास भाई मुंबईला, कुठल्याशा संस्थेचा ‘शिक्षण उद्योजक’ पुरस्कार घ्यायला गेले. पुरस्काराच्या जेवणाचा खर्च त्यांनीच उचलला होता. मागे नविन सरांनी प्रात्यक्षिक परीक्षा जाहीर केली. नियम सोपा होता. जितके क्रेट, तितके गुण.

चिकूच्या झाडाचं असं असतं, की एकाच फांदीवर कळी, लिंबाएवढं कच्चं फळ आणि उतरवायला आलेलं फळ शेजारी शेजारी नांदतं. वाडीवाला त्यातलं तयार तेवढंच काढतो. पण गुण क्रेटवर म्हटल्यावर पोरांनी फांद्या ओरबाडल्या. दोन दिवसांत वाडी भादरल्यासारखी झाली. खाली कळ्यांचा सडा, पोरांच्या हातांना चीक, आणि नविन सर खुर्ची टाकून क्रेट मोजतायत.

शुक्रीने तयार फळ उतरवलं आणि काठी झाडाला टेकवली.

“दमलीस काय?” नविन सर म्हणाले. “नापास होशील.”

“कच्ची काढली तर आमच्या पाड्याला दिवाळीपर्यंत काम नाय, सर.”

“तू इथे पाड्याची म्हणून आलीस की विद्यार्थिनी म्हणून?”

“दोन्ही म्हणून.”

सरांनी तिच्या नावापुढे भोपळा घातला.

माल दिल्लीला गेला. कच्चा चिकू पिकत नाही, सुरकुततो. व्यापाऱ्याने गाडी उतरवून घेतलीच नाही. भाई पुरस्कार घेऊन परतले ते थेट वाडीत.

“नविन, हे काय केलंत?”

“भाई, इजारदाराला पुढच्या वर्षाची कळी दिसत नसते. तुम्हीच सांगायचात ना?”

भाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू निवळला. राग नुकसानीचा होता. माणूस मात्र पसंत पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चंद्रावतीला केबिनमध्ये बोलावलं. नविन सर आधीच बसले होते.

“अख्खा वर्ग नापास करा,” भाई म्हणाले. “फेरपरीक्षा दिवाळीला. तिची फी लावा चांगली. वाडीचं नुकसान वाडीतल्याच पोरांनी भरायचं.”

“भरतीचे अर्ज याच महिन्यात आहेत. मुलं दिवाळीपर्यंत थांबली तर त्यांची संधी गेली.”

“फेरपरीक्षेची फी तर भरतील ना?”

“आणि नापासाचं कारण काय लिहू?”

“नापासाला कारण लागत नाही, चंद्राबेन. पासाला लागतं.”

खोलीत चिकूचा गोड वास साचला होता, आणि तो वास तिला खाडीवर कुजलेल्या मासळीहून घाण वाटला. मासळी निदान आपण कुजलो हे लपवत नाही.

“मी सही करणार नाही.”

भाई चिडले नाहीत. त्यांना नवीन दुकान सुचलं होतं. “मग परीक्षा विभागसुद्धा इजाऱ्याने काढू. ज्याचा इजारा, त्याची सही.”

सोमवारी पुन्हा तीच मंडळी, तेच टेबल. नविन सरांनी पहिली बोली लावली. फेरपरीक्षेच्या फीचा हिशेब त्यांनी डोक्यात मांडलेला दिसत होता. दुसरी बोली आली नाही. भाई इकडेतिकडे बघून “एक वार” म्हणाले.

“दिवाळीपासूनचा माझा सगळा पगार तुमच्याकडे थकलाय,” चंद्रावती म्हणाली. “त्यासाठी मी वकिलाची नोटीस दिली आहे. पगार सोडते, नोटीस मागे घेते. परीक्षा विभाग माझा.”

नविन सरांनी बोली चढवली. तिने येत्या सहा महिन्यांचा पगारही सोडला, आणि सोडताना तिचा आवाज बंदरावर बोली पुकारणाऱ्या बायांसारखा खणखणीत निघाला. नविन सरांनी मान खाली घातली. भाईंनी टेबलावर थाप मारली.

“आता शिकलात धंदा. मी म्हणत होतो, रक्तातच आहे तुमच्या.”

नविनला हरवल्याचा आनंद तिला क्षणभर झाला. त्या आनंदाची किळस तिला दिवसभर पुरली.

दुपारी तिने क्रेटचे गुण रद्द करून आधीच झालेल्या लेखी परीक्षेवर निकाल लावला आणि खाली सही केली. सगळा वर्ग पास. शुक्री फलकासमोर आईला घेऊन उभी होती.

“मॅडम, सगळेच पास? ज्यांनी झाडं ओरबाडली ते पण?”

“ते पण. त्यांना तसंच शिकवलं होतं. तू आजच अर्ज भर.”

तानीने लेकीच्या नावावर बोट ठेवून बघितलं, मग चंद्रावतीकडे वळली. “बाय, पोरीचं झालं. आता वाडीत तोड कधी निघंल?”

“झाडावर काही राहिलं नाही, तानीबाय. यंदा कठीण आहे.”

“मग उंबरगावला जाते कंपनीत,” तानी म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे चंद्रावतीला तिच्याकडे बघवेना. मायलेकी फाटकाकडे चालू लागल्या.

भाई मागून आले, फलक वाचला, पुन्हा वाचला.

“फेरपरीक्षा नाही. फी नाही. मग तुमचा इजारा वसूल कसा व्हायचा, चंद्राबेन?”

“झाला.”

“कधी?”

“आत्ता.”

भाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. तोट्यात कोणी सौदा करतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणजे या बाईने नक्की काहीतरी लांबवलं होतं, आणि ते आपल्याला दिसत नव्हतं. त्यांनी हिशेबनिसाला कामाला लावलं. परीक्षा विभागातले कोरे कागदही मोजून घेतले.

संध्याकाळी फाटकावर पहारेकरी, लाहू, खाली बघत तिच्यासमोर उभा राहिला. “मॅडम, साहेबांचा हुकूम आहे. पिशवी बघायला लागंल.”

आत डबा, छत्री आणि चष्म्याचं घर होतं. तिने पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी ताणून त्याच्यापुढे धरलं. त्यात बघण्यासारखं काही नाही हे ठाऊक असूनही लाहूने हात घातला, कारण वर खिडकीत भाई उभे होते.