सहा रविवार, चौसष्ट बिऱ्हाडं

प्रभादेवीच्या त्या थंडगार हॉलमध्ये पन्नास माणसं डोळे मिटून, छातीवर हात ठेवून एका सुरात म्हणत होती, "बाजार माझा मित्र आहे!" दुसऱ्या रांगेत सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणणारा टकला गृहस्थ म्हणजे मी.

माझी ओळख करून देतो, म्हणजे लाज पुरती वाटेल. हेमचंद्र सर, निवृत्त विज्ञान-गणित शिक्षक, मुक्काम चिंचपोकळी. गेली तीस वर्षं लालबाग-परळच्या मंडळांपुढे नारळातून जाळ काढून दाखवतो आणि मग शेंडीत लपवलेला सोडियमचा तुकडा नि पाणी यांची गंमत समजावून सांगतो. "करणारा लबाड, मानणारा मूर्ख!" हे माझं ठरलेलं शेवटचं वाक्य. त्यावर टाळ्या हमखास पडतात.

व्यासपीठावर शेअर बाजाराचे मार्केटयोगी हितेंद्र सर आले. कफनी, रुद्राक्ष काही नाही. निळा सूट, कानात माइक.

"बाजार पडत नाही, मित्रांनो! बाजार वाकून नमस्कार करतो! टीव्हीवाले बातमी वाचतात, मी बातमीच्या पोटातलं वाचतो!"

हे मी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघाही मारल्या. भगव्यातला बुवा असता तर मी चुटकीसरशी ओळखला असता हो. पण हा लॅपटॉप घेऊन आला होता!

आणि चमत्कार तर मी स्वतः पाहिला होता. सहा रविवार माझ्या फोनवर त्यांचा संदेश आला होता. 'येत्या आठवड्यात बाजार वर', 'येत्या आठवड्यात बाजार खाली', असं. सोबत कारण, आणि शेवटी ताकीद : 'हा संदेश कोणाला दाखवल्यास ऊर्जा खंडित होते.' सहाच्या सहा वेळा शुक्रवारी तसंच झालं. मी गणिताचा माणूस, हिशेब मांडून पाहिला. सहा वेळा नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता चौसष्टात एक. म्हणजे हे नशीब नाही, विद्या आहे! मूर्खपणाला गणिताचा टेकू मिळाला की तो सहसा पडत नाही.

"शुक्रवारपर्यंत चार लाख भरणाऱ्यांनाच आतल्या गटात प्रवेश. तीन महिन्यांत दुप्पट!" हितेंद्र सर म्हणाले. माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

चार लाख माझ्याकडे होते. बायकोच्या, कालिंदीच्या गुडघ्याचे. आमचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षं ती कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरते. परळच्या हॉस्पिटलात अठरा तारीख मिळाली होती, उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची. डाव्याचं पुढे बघू, असं ठरलं होतं. मी मनात म्हटलं, तारीख तीन महिने पुढे ढकलू, आठ लाख येतील, दोन्ही गुडघे एकदमच करू. बायकोवर उपकार करायची अशी उबळ मला चाळीस वर्षांत आली नव्हती.

घोडं अडलं एका सहीपाशी. मुदत ठेव दोघांच्या नावावर होती.

सोमवारी संध्याकाळी कालिंदी गॅलरीत मेथी निवडत बसली होती. शेजारी आमचे गुणाजीकाका, कापड मिलमधले जुने साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार, बिडी ओढत होते. मी ठेव मोडायचा फॉर्म पुढे केला. "जरा इथे सही कर."

"कशाला?"

"तुझ्याच भल्यासाठी गं."

"अहो, माझ्या भल्याचं मला न सांगता कधीपासून ठरायला लागलं?" तिने चष्मा लावला, फॉर्म वाचला. मग त्याची घडी घालून मेथीच्या जुडीखाली दाबून ठेवली.  ऊर्जा गेली खड्ड्यात म्हणत मी सगळं सांगून टाकलं. सहा संदेश दाखवले, चौसष्टात एक हेही समजावलं.

गुणाजीकाकांना हसता हसता ठसका लागला.

"मास्तरांनू, ह्यो तर आमच्या गेटावरचो बाबा!"

"कुठला बाबा?"

"मटक्याचो! तो मिलच्या गेटावर बसायचो. शून्य ते नवातलो खयचो आकडो येतलो ता सांगायचो. एकाक एक आकडो, दुसऱ्याक दुसरो. दहा जणांक दहा आकडे! एकाचो लागतलोच. हरलेलो नशिबाक शिव्या घालून गप ऱ्हवता. जिकलेलो हार-नारळ घेऊन येता नि चार जणांक सांगता. मियां दोन पगार घातले त्याच्या पायावर."

"काका, हा मटका नाही. अभ्यास आहे. चौसष्टात एक—"

"मास्तर," काकांनी बिडी विझवली. "आपल्या चाळीत बिऱ्हाडां किती?"

मी मनातल्या मनात मोजली. चौसष्ट.

तीन महिन्यांपूर्वी चाळीच्या पटांगणात मोफत रक्तदाब तपासणी झाली होती. घरटी एकाने वहीत नाव आणि फोन नंबर लिहिला होता. ती वही पुढे कुठे गेली, हे कोणी विचारलं नव्हतं. रांग लावायला शिट्टी घेऊन उभा कोण होता? मीच.

कालिंदी मेथी बाजूला ठेवून उठली. कठडा धरत, लंगडत, ती आमच्या गॅलरीतली दारं वाजवत निघाली. मी मागे, मान खाली घालून.

पहिल्या दारात कुशाबा. "हां, आला होता की एक मेसेज. बाजार खाली म्हणे. गेला वर. परत काय आला नाय." त्याने तो खोडला नव्हता. मी माझा पहिला संदेश शेजारी धरला. माझ्यात लिहिलं होतं : 'कच्चं तेल स्वस्त झालं, खर्च वाचेल, म्हणून बाजार वर.' कुशाबाच्यात : 'कच्चं तेल स्वस्त झालं, म्हणजे जगात मागणी नाही, म्हणून बाजार खाली.' रविवार तोच, बातमी तीच, फक्त शेपूट उलटं. आणि खरं सांगतो, दोन्ही कारणं वाचताना पटत होती!

पुढच्या दारात कोणाला दोन संदेश बरोबर आले होते, कोणाला तीन. शेवटच्या खोलीतली दीपिका कुजबुजली, "काकू, मला पाच बरोबर आले. सहावा चुकला. नाहीतर मी मंगळसूत्र मोडायला निघाले होते." 

चाळीच्या दारातल्या सूचनांच्या फळ्यावर मी खडूने मांडलं. हॉलमध्ये पन्नास उरायला सुरुवातीला हवेत बत्तीसशे नंबर. अर्ध्यांना वर, अर्ध्यांना खाली. चुकलेल्यांना सोडून द्यायचं, उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. सोळाशे, आठशे, चारशे, दोनशे, शंभर, पन्नास. सहा रविवार. यात विद्या नाही, अभ्यास नाही, साधा भागाकार आहे. चौथीच्या पोराला येतो. मी तो तीस वर्षं शिकवला.

माझा आणि कुशाबाचा असे दोन्ही संदेश घेऊन आम्ही पोलिसात तक्रार दिली. पुढच्या रविवारी हॉलला कुलूप होतं. काहींचे पैसे त्याआधीच गेले होते.

आता एक कबुली. हॉलमधून आलो त्या रात्री सातवा संदेश आला होता, 'बाजार वर'. शुक्रवारी बाजार खरंच वर गेला. सगळं कळूनसुद्धा मी फोन कालिंदीपुढे धरला. "बघ, लागला!" मी बोलून गेलो.

"पन्नासातले पंचवीस उरले, त्यात तुम्ही," कालिंदी म्हणाली. "अभिनंदन. आता चहा टाका."

अठरा तारखेला तिचा उजवा गुडघा झाला. डाव्यासाठी पैसे साठवतोय, मुदत ठेवीत, मुंगीच्या पावलांनी.

परवा मंडळात माझा कार्यक्रम होता. नारळ पिशवीतच ठेवला आणि आधी ही गोष्ट सांगितली. कालिंदी पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी गुणाजीकाका. 'मानणारा मूर्ख' म्हणायची वेळ आली तेव्हा जीभ रेटेना. फसलेला मूर्ख नसतो, बाबांनो. तो एकटा असतो. त्याला फक्त लागलेले नेम दिसतात, चुकलेले नेम शेजारच्या फोनमध्ये असतात. म्हणून उद्या बाजार कुठे जाणार हे कोणी छातीठोक सांगितलं, तर सल्लागार म्हणून त्याची सरकारी नोंदणी विचारा, तो किती वेळा चुकला ते विचारा. आणि "कोणाला सांगू नका" असं म्हणाला, तर तडक उठा आणि शेजारचं दार वाजवा.

टाळ्या पडल्या नाहीत. माणसं एकमेकांकडे वळून बोलायला लागली होती.