कान बाहेर, तोंड आत

माझ्या बायकोच्या, पद्मलच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या एका पेशीत राहायला गेलो. पत्ता डॉक्टर हिरेमठ बाईंनीच लिहून दिला होता.

"तुम्ही कानाची यंत्रं दुरुस्त करता ना?" त्यांनी विचारलं होतं.

"हो. इथेच, मिरजेत. बत्तीस वर्षं झाली."

"बाहेर आवाज नसताना यंत्र शीळ घालायला लागलं तर काय करता?"

"कुठून येतेय ते आधी शोधतो."

"मग जाऊन बघा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पद्मलने डबा भरून दिला. "आत थंडी असेल का हो?"

"तुझ्याच अंगात जातोय."

"मग ऊब असेल," ती म्हणाली.

पेशीत पाणी जाण्यासाठी एक अरुंद नळी होती. तिच्यातून अंग चोरून मी आत उतरलो. आत आमच्या स्वयंपाकघराएवढी गोल खोली होती. भिंत सायीसारखी मऊ; बोटाने दाबली की खळगा पडे आणि लगेच भरून येई. त्या भिंतीत माणसं रुतलेली होती. डॉक्टर त्यांना प्रथिनं म्हणायच्या, पण मला ती माणसं दिसली. कान भिंतीबाहेर, तोंड आत. प्रत्येकाला एकच शब्द ऐकू येई. बाहेर तो उच्चारला गेला की हा आत म्हणून दाखवी, आणि खोलीतले कामकरी त्याप्रमाणे कामाला लागत. एक म्हातारा फक्त साखरेची बातमी ऐकायचा. तो दिवसातून तीनदा बोलला, पद्मलच्या जेवणाच्या वेळांना.

ज्यांचा शब्द "वाढ" होता, ते मात्र फार होते. तिथे चारपाच पुरले असते. हे खांद्याला खांदा लावून, श्वास घ्यायला जागा नाही असे दाटले होते आणि एकसारखे बोलत होते.

मी एकाला विचारलं, "बाहेर कोणी काही म्हणालं का?"

"नाही."

"मग तू का म्हणालास?"

"शेजाऱ्याचा खांदा लागला."

"त्याला कोणी सांगितलं?"

"माझा खांदा लागला."

खोली लांबू लागली. दुपारपर्यंत ती आमच्या गल्लीएवढी झाली. मग मधोमध आवळली आणि एकीच्या दोन झाल्या. मी अलीकडच्या खोलीत राहिलो. पलीकडच्यांचे आवाज थोडा वेळ ऐकू येत होते.

बाहेर येऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आपलं औषध त्यांचे कान धरतं," त्या म्हणाल्या. दर एकवीस दिवसांनी पद्मलच्या हाताला सुई लावून औषधाची एक बाटली चढू लागली. मी आतून ऐकत असे. भिंतीपलीकडे कोणीतरी हलक्या पावलांनी येई, एकेकाचे कान दोन्ही हातांनी घट्ट धरी आणि तसंच उभं राही. ज्याचे कान धरले तो गप्प होई.

तिसऱ्या बाटलीनंतर आठ दिवस खोली तेवढीच राहिली. मी जेवायला बाहेर आलो.

"आत कसं आहे?" पद्मलने विचारलं. हे ती पहिल्यांदाच विचारत होती.

"शांत आहे."

तिने मला दोनदा भात वाढला. मग जयसिंगपूरच्या बहिणीला फोन करून दिवाळीला राहायलाच या, असं सांगितलं.

नवव्या दिवशी आत उतरलो तेव्हा नळीत माझे खांदे अडकले. आदल्या दिवशी बाहेर पडताना तसं झालं नव्हतं. उतरलो आणि ऐकलं. एकच आवाज होता.

"वाढ."

मी भिंतीला कान लावून शोधत गेलो. कान धरलेल्या लोकांच्या मागे, अगदी खाली, तो सापडला. त्याला फक्त हनुवटी आणि तोंड होतं. वर नुसती गुळगुळीत भिंत.

"तुझे कान कुठे आहेत?"

"कापले गेले."

"मग ऐकतोस कशाने?"

"ऐकत नाही. म्हणतो."

औषधाला धरायला त्याच्यात काही नव्हतं. मी नळीकडे धावलो. तिच्यात आता माझं बोटही जाईना. मी तिला तोंड लावून ओरडलो, "पद्मल!"

"अहो, येताय ना जेवायला?" फार लांबून आवाज आला.

"डॉक्टरांना सांग, एकाला कानच नाहीत!"

"काय नाही?"

"कान! कान नाहीत!"

"नीट ऐकू येत नाही हो," ती म्हणाली. "जरा मोठ्याने बोला."

मग नळी मिटली.

मी परत त्याच्यापाशी आलो आणि गुडघ्यांवर बसलो. "ती माझी बायको आहे," मी सांगितलं.

"वाढ."

"तिला काही झालं तर तूही उरणार नाहीस."

"वाढ." त्याच्या आवाजात राग नव्हता की घाई नव्हती.

मी त्याच्या तोंडावर हात दाबून धरला. ओठ तळव्याला घासत हलत राहिले, पण आवाज थांबला. कामकऱ्यांनी हातातलं काम ठेवलं आणि ते माझ्याकडे बघत उभे राहिले. किती वेळ गेला, कळलं नाही. म्हातारा साखरेचं बोलला, म्हणजे पद्मल जेवली होती. एकटी जेवली. हात बधिर झाला म्हणून मी तो बदलला. तेवढ्यात एक शब्द निसटला.

कामकरी लगेच वळले. खोली ताणली जाऊ लागली आणि तिच्याबरोबर मीही मागे ओढला गेलो. दंड सरळ झाला, खांद्यात कळ आली. मी हात काढला नाही. आमच्या दोघांच्या मधोमध भिंत चारही बाजूंनी आत येऊ लागली. ती मऊ होती आणि कोमट. ती माझ्या मनगटाभोवती मिटली. आता तो मला दिसत नव्हता. पलीकडे, माझ्या तळव्यात, त्याचे ओठ हलत होते.